काहीच घडत नाही असं वाटतं तेव्हा सेवेत टिकायचं कसं?

प्रश्न अक्कलकोट तालुक्यातून आला आहे. विचारणारा तरुण मूळचा नगरकडचा. लग्नानंतर लवकरच ख्रिस्ती मंडळीनं त्याला एका खेड्यात सुवार्तेच्या कामावर पाठवलं, आता तिसरं वर्ष सुरू आहे. रविवारी उपासनेला तीच तीन घरं येतात. गाव घरात कानडी बोलतं आणि याला कानडी जेमतेम येतं. तो लिहितो, ‘सकाळी प्रार्थनेला बसतो, पण मन लागत नाही. पत्नीही थकली आहे. माझा विश्वास कमी पडतो आहे का? जुने मिशनरी वर्षानुवर्षं कसे टिकले? मी बदली मागावी का?’

भाऊ, मधला प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नातलं दुखणं तिथूनच आलं आहे असं मला वाटतं.

जुन्या मिशनऱ्यांची चरित्रं आपण शेवट माहीत असताना वाचतो. अडोनिराम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोचले आणि पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये झाला, हे संमेलनात सांगताना वक्ता ती सहा वर्षं एका दमात ओलांडतो. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की पुढं सगळं चांगलं होणार आहे. जडसनना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या आयुष्यातला एक भाग तर व्यासपीठावरून सहसा सांगतच नाहीत. १८२६ मध्ये त्यांची पत्नी अ‍ॅन गेली, काही महिन्यांत तान्ही मुलगीही गेली. पुढं हा माणूस लोकांतून उठून रानात झोपडी बांधून राहिला, स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठावर बसायचा. देवावर माझा विश्वास आहे पण तो मला सापडत नाही, अशा अर्थाचं त्यांनी त्या काळात लिहिलं आहे. ब्रह्मी भाषेतलं संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांनी पूर्ण केलं ते यानंतर, १८३४ मध्ये. तेव्हा ‘मन लागत नाही’ म्हणजे ‘विश्वास गेला’ हा हिशेब जडसनना लावता येत नाही. तुम्हालाच का लावावा?

मला स्वतःला जडसनपेक्षा गॉर्डन हॉल जवळचे वाटतात. दोघंही अमेरिकन बोर्ड या मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेच्या १८१२ साली निघालेल्या पहिल्या तुकडीतले. हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होतं. कसेबसे राहिले. पुढं १३ वर्षं हॉल मराठी शिकले, शाळा चालवल्या, नव्या कराराचं भाषांतर केलं, बाजारात आणि देवळांच्या आवारात लोकांशी बोलत राहिले. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीनं गेले. वय ४१. मागं दाखवायला मोठी मंडळी नव्हती, बाप्तिस्म्यांची यादी नव्हती. याच बोर्डाच्या अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं ठाणं सुरू झालं १८३१ मध्ये, म्हणजे हॉल गेल्यावर पाच वर्षांनी. तुम्ही नगरकडचे. तुमच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कुणाचा झाला ते वडिलांना विचारा. बहुतेक ती साखळी मागं जाऊन याच मिशनला लागेल. हॉलनी त्यातलं काहीही पाहिलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. विश्वास कमी पडतो आहे का हे मी इथं बसून सांगू शकत नाही. पण तुमच्यासारखी पत्रं मला येतात, माणसं येऊन बसतात, आणि बोलणं पुढं गेलं की बहुतेक वेळा तीन गोष्टी बाहेर येतात: झोप पुरी होत नाही, मनातलं बोलायला माणूस नाही, महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत. या तिन्हींना आपण मिळून ‘आत्मिक कोरडेपणा’ असं भारदस्त नाव देतो आणि मग त्यावर उपास आणि रात्रभराची प्रार्थना सुचवतो. झोप न झालेल्या माणसाला रात्रभराची प्रार्थना! पवित्र शास्त्रातला १ राजे, अध्याय १९ पुन्हा वाचा. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला होरेबावर पोचल्यावर विचारला जातो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा आधी आठवड्यातला एक दिवस मोकळा करा. पाळकांना रविवार सुटीचा नसतो, म्हणून मी सोमवार धरतो. त्या दिवशी घरभेट नाही, सभा नाही, फोनसुद्धा मयत किंवा दवाखान्याचा असेल तरच. गावात बसून हे जमणार नाही, दारावर कुणी ना कुणी येतंच. सकाळच्या एसटीनं सोलापूरला या. आणि एक वयस्क माणूस शोधा, ज्याच्या हातात तुमचं मानधन नाही, बदली नाही आणि अहवालही नाही. वरिष्ठांपुढं कुणी मन मोकळं करत नाही, हे वरिष्ठांनाही माहीत असतं. माझा असा माणूस एक निवृत्त शिक्षक होता. त्याला धर्मशास्त्र फारसं येत नव्हतं, पण ऐकून घेता येत होतं.

झोप, भूक आणि कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांकडे जा. सोलापुरात सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. गोळी घेतल्यानं विश्वास पातळ होत नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या वडिलांना आपण असं कधी म्हणतो का?

सकाळच्या प्रार्थनेचं सांगतो. मन लागण्याची वाट पाहू नका. मन लागो न लागो, ठरलेल्या वेळी ठरलेलं वाचा, आणि मोठ्यानं वाचा. माझ्यापुरतं हे स्तोत्रांवर चालतं, रोज एक, क्रमानं, आवडीनिवडी न करता. क्रमानं वाचलं की १३ वं येतं, ८८ वं येतं. ८८ वं तर शेवटपर्यंत तक्रारच करतं, समाधानाची ओळ त्यात येतच नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा हे दुसऱ्याचे शब्द तोंडात असावे लागतात. आपल्याकडची शाळू ज्वारी बघा: पाऊस संपत आल्यावर पेरतात आणि ती काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर हुरड्यापर्यंत येते, वरून थेंब पडो न पडो. ओल मुरवायचं काम आधीच झालेलं असावं लागतं. म्हणून चांगल्या दिवसांत जास्त पाठ करा. उपासना संगीतातली दहा-बारा गीतं वही न बघता आली पाहिजेत. मयताच्या घरी रात्री वीज गेली की त्याचा उपयोग कळतो.

अर्ध्या तासाच्या वर बसू नका, निदान सध्या तरी. थोडं, पण रोज. पंडिता रमाबाईंचं केडगाव पुण्याला जाताना गाडीतून लागतं, तिथून जाताना मला नेहमी त्यांच्या भाषांतराची आठवण येते. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, तेही शेकडो मुली-बायकांचा आश्रम सांभाळून. शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरीही तपासणी सुरूच राहिली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. असलं काम कुणाच्याही आवेशावर होत नाही. आज इतक्या ओळी, उद्या तितक्या, असंच होतं.

आता दिवसभराचं. जुने लोक टिकले ते दिवसाच्या घडीमुळं, आणि घडी गावाची पाहून बसवावी लागते. सोलापुरात मी पूर्व भागात बरीच वर्षं घरभेटी केल्या. तिथं घरात तेलुगू, पुरुष मागावर, बायका विड्या वळतात. विड्या देऊन नवी पानं-तंबाखू आणायला बाई कारखान्यात जाते त्या वेळी तिच्या दारात उभं राहण्यात अर्थ नसतो. ती परत आली की सूप मांडीवर घेऊन बसते. मग तिचे हात चालू असतात आणि कान मोकळे असतात, तेव्हा बोला. दिवसाला हजार विड्या वळायच्या असतात, त्यामुळं ‘जरा हात थांबवा, प्रार्थना करू’ म्हणणारा पाळक तिची मजुरी कापतो. आम्ही हात चालू ठेवूनच प्रार्थना करायचो. दुसरं म्हणजे नळाचा दिवस. शहरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ज्या गल्लीत पाणी आलंय तिथं त्या सकाळी जायचं असेल तर घागर उचलायला जा, पुस्तक घेऊन नको. गड्ड्याच्या दिवसांत, संक्रांतीच्या आसपास, संध्याकाळच्या सभा ठेवू नका. सगळं गाव सिद्धेश्वराच्या यात्रेत असतं, आपली पोरंही असतात. मी माझ्या मुलांना पाळण्यात बसवायला न्यायचो. यावर मंडळीत दोन मतं होती, ती असोत.

तुमच्या गावचं वेळापत्रक वेगळं असेल: शेत, दूध, आठवडी बाजार. ते वहीत उतरवा. कोण कधी घरी असतं, कुणाच्या घरी म्हातारं अंथरुणाला खिळलंय, कुणाचा मुलगा पुण्यात आहे. मग आठवड्याला मोजकीच घरं ठरवा आणि तीच पुन्हा पुन्हा करा. नवी घरं शोधत फिरायचा मोह होतो, कारण नव्या घरी नकार अजून मिळालेला नसतो. पण माणसं दार उघडतात ती चौथ्या-पाचव्या खेपेला, आणि बहुधा आजारपणात. उन्हाळ्यात दुपारी अजिबात फिरू नका. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो. उन्हात चालणं म्हणजे समर्पण नव्हे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी. दुपारी कानडी.

कानडीबद्दल जरा कडक बोलतो. तिसऱ्या वर्षी ‘जेमतेम’ चालणार नाही. गावातल्या लोकांना मराठी कळतं, हे खरं. बाजारात, बँकेत, तहसिलात ते मराठीच बोलतात. पण रडताना, भांडताना, लेकराला झोपवताना कानडी बोलतात, आणि तुमचं काम नेमकं तिथंच आहे. रोज एक तास द्या. शिक्षक म्हणून शाळकरी पोरं घ्या. ती हसतात, पण चूक सोडत नाहीत. मराठी शास्त्राशेजारी कानडी शास्त्र ठेवा, आणि मार्कचं शुभवर्तमान घ्या, कारण वाक्यं लहान आहेत. लिपी वेगळी आहे म्हणून घाबरू नका, महिन्या-दोन महिन्यांत वाचता येते. आणि कोरड्या काळात यासारखं औषध नाही. प्रार्थना पुढं सरकली का ते मोजता येत नाही, पण आज दहा क्रियापदं आली हे रात्री झोपताना कळतं.

मोजण्याचा विषय निघालाच आहे, तर अहवालाबद्दल बोलू. तुमच्या पत्रात ‘तीच तीन घरं’ हे शब्द ज्या सुरात आले आहेत, त्यावरून मला वाटतं की दर तिमाहीला तुम्हाला उपस्थितीचा रकाना भरावा लागतो आणि तो भरताना हात जड होतो. हा रकाना फार माणसं खातो. देणगीदाराला आकडा हवा असतो, कार्यालयाला देणगीदार हवा असतो, आणि खेड्यातला सेवक मधल्या मध्ये तीनाची पाच घरं करतो. पुढच्या तिमाहीला पाचाची सात करावी लागतात, कारण घटली तर विचारणा होते. काही संमेलनांत सांगितलेले आकडे जोडले तर तालुक्याची लोकसंख्या कमी पडेल. असं लिहिणारा माणूस हळूहळू प्रार्थनेत खरं बोलेनासा होतो. माझ्या मते ‘मन लागत नाही’चं हे फार मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तीन घरं असतील तर तीन लिहा. खाली चार ओळी जोडा: कुणाच्या आजारपणात किती रात्री दवाखान्यात बसलात, कुणाचा नवरा दारू सोडून महिनाभर टिकला आणि पुन्हा घसरला, कानडी कुठवर आलं. घसरला हेही लिहा. वाचणारा शहाणा असेल तर त्याला कळेल की इथं कुणीतरी खरोखर काम करतंय. शहाणा नसेल तर विचारणा होईल. होऊ द्या. आणि ती तीन घरं ‘तीच’ आहेत ही तक्रार मला पटत नाही. तीन घरं तीन वर्षं दर रविवारी येतात, आपापल्या भावकीचं ऐकून घेऊन येतात. टिकून राहणं शिकायचं तर त्यांच्याकडूनच शिका. तुम्हाला निदान मानधन मिळतं.

एक व्यवहाराची गोष्ट पटकन सांगतो. मदत आणि बाप्तिस्मा यांची गाठ कधीही मारू नका, बोलण्यातसुद्धा नाही. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, तिथं इलाजाला येणाऱ्याला आधी धर्म विचारला नाही. घटनेच्या २५ व्या कलमानं आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात हेही स्पष्ट केलं की सांगण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. माणूस स्वतः ठरवतो. विश्वासाच्या दृष्टीनं पाहिलं तरी हे योग्यच आहे: हृदय बदलणं आपलं काम नाही, ते पवित्र आत्म्याचं आहे. सभा घ्यायची तर उघड्या दारानं घ्या, सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याशी बोलणं-चालणं ठेवा. कुणी चिडून आलं तर वाद घालू नका, बसवा, चहा द्या. गावात वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाबद्दल अफवा पसरायला वेळ लागतो. भाषा शिकण्याचा आणि टिकून राहण्याचा हाही एक फायदा.

आता पत्नीबद्दल. तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, ‘पत्नीही थकली आहे.’ खरं तर पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. बोलावणं तुम्हाला आलं, पाणी ती भरते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय त्यांचा होता, पण पुढची काही वर्षं लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या घरी काढली, आपल्या पंढरपुरातही. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनानं आणि स्वतःच्या वेळी. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं, ते पुढं नेलं लक्ष्मीबाईंनी. मिशनरी विल्यम केरींच्या पत्नी डोरोथी यांचं नशीब असं नव्हतं. इच्छा नसताना त्या हिंदुस्थानात आल्या, १७९४ मध्ये लहानगा मुलगा गेला आणि त्यांचं मन कायमचं ढळलं. केरींनी ४० वर्षं नेटानं काम केलं हे आपण शब्बाथशाळेत सांगतो. शेजारच्या खोलीत डोरोथी होत्या, हेही मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही.

तिला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उपदेश करू नका. शिवणकाम, शिकवण्या, अंगणवाडीतलं काम, जे जमेल आणि आवडेल ते तिला करू द्या. करिंथात पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवायचा, त्यानं सुवार्तेला कमीपणा आला नाही. रेशनकार्ड नगरचंच असेल तर इकडं बदलून घ्या. महात्मा फुले आरोग्य योजनेच्या वेळी कागदांसाठी धावाधाव नको. पोस्टात थोडीशी का होईना आरडी सुरू करा. ‘देव पुरवील’ यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पोस्टातून पुरवायलाही त्याला अडचण नसावी.

राहिली बदली. बदली मागणं म्हणजे पळणं असं मी मानत नाही. प्रेषितांनीही गावं बदलली. पण तीन वेळा मागू नये: मोठ्या आजारपणात, अहवालावरून बोलणी खाल्ल्यावर लगेच, आणि एप्रिल-मे महिन्यांत. या तिन्ही वेळी माणूस गावाला कंटाळलाय की स्वतःला, हे त्याचं त्यालाच कळत नाही. आधी सोमवारची सुटी, बोलायला एक माणूस, रोजचं एक स्तोत्र आणि कानडी, एवढं सहा महिने करा. त्यानंतरही पत्नीचं म्हणणं ‘इथं नको’ असंच असेल, तर अर्ज करा. तीन घरांची जबाबदारी कुणाकडे द्यायची याचं नाव त्यात लिहा, आणि कार्यालयात धाडण्याआधी तो तिला वाचून दाखवा. तिची सही लागत नाही हे मला माहीत आहे. तरी घ्या.